चारची ओहोटी

आधी मादलोमोचं नाव लिहिते, मग बाकीचं. नाही तर बाकीच्या गर्दीत तिचं नाव राहून जाईल आणि मग हे लिहिण्यात काही अर्थ उरणार नाही. माझा नवरा समीर आज जिवंत आहे, केतकी आणि निखिल जिवंत आहेत, आणि कुठल्याही फॉर्मवर ‘शिक्षण’ या रकान्यात मी खरं काय ते लिहू शकते, हे सगळं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका खोसा बाईमुळे. मादलोमो हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिच्या माहेरच्या कुळाचं नाव. त्यांच्यात लग्न झालेल्या बाईला मानानं अशीच हाक मारतात. माझं तर लग्नात ताटातल्या तांदळात नाव बदललं, आणि आडनावाबरोबर माहेरही गेलं. हिचं माहेर मात्र पन्नास वर्षं झाली तरी हाकेहाकेला तिच्यासोबत.

जुलै आला की इथे, टोरोंटोजवळच्या मिसिसागात, मला घरात बसवत नाही. आमच्या कॉन्डोच्या बाल्कनीतून खालचे रस्ते दिसतात. शुक्रवारी दुपारपासून गाड्यांच्या टपांवर लाल-पिवळ्या कयाकी बांधून माणसं निघालेली असतात. मी गॅस बंद करते, परत लावते, परत बंद करते, आणि बस पकडून तळ्याकाठी जाते. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. इथे नवीन आले तेव्हा मी त्या पाण्यासमोर तासभर उभी राहिले होते. पाणी पुढे येतंय की मागे जातंय, ते बघत होते. ते येतही नव्हतं, जातही नव्हतं. समीर म्हणाला, “अगं, लेक आहे हे. याला भरती-ओहोटी नसते.” इतकं मोठं पाणी आणि त्याला चालच नाही, हे मला आजही पटत नाही. जुलैत तर त्याच्याकडे बघितलं की पायांना मुंग्या येतात.

मी दापोलीकडची. आमच्या घराच्या मागच्या दारापासून खडक पाचशे पावलांवर. नववीत असताना आई आजारी पडली आणि तिच्या जागी मी ओहोटीला कालवं काढायला जाऊ लागले. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. पाणी सुकतं, खडक उघडे पडतात, आणि मग तीन-चार तास जे काय हाताला लागेल ते. सुकती शाळेच्या वेळा बघून येत नाही. सहामाहीला मी बसले, वार्षिकला बसलेच नाही. कुणी ‘शाळा सोडली’ असं ठरवलं नव्हतं. ती आपली सुटली.

समीर घाटावरचा, कराडचा. त्याची आत्या आमच्या गावात दिलेली, तिनं जमवलं. त्याला माझी नववी माहीत होती आणि त्याचं त्याला काही नव्हतं. खोटं बोलले ते मी, इथे आल्यावर, गणपतीत. नव्यानंच ओळख झालेल्या केतकीनं हातात मोदकाची प्लेट देता देता विचारलं, “तुझं ग्रॅज्युएशन कशात गं?” आजूबाजूला पाच-सहा जणी, सगळ्या पुण्या-नागपूरच्या. माझ्या तोंडून गेलं, “कॉमर्स.” समीरनं ऐकलं आणि मोदक खात राहिला. मला उघडं पाडायचं नाही म्हणून. पण त्या एका शब्दाला पुढे पाय फुटले. केतकीचा स्वभाव मदतीचा. दर दोन महिन्यांनी तिची ई-मेल: “वैजू, कॉलेजच्या ऑफिसात ओपनिंग आहे, अप्लाय कर ना! बी.कॉम. वाया घालवू नकोस.” मी म्हणायची, करते. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायची.

दोन हजार आठच्या जुलैत आम्ही दोघं, केतकी आणि तिचा नवरा निखिल, असे चौघं आफ्रिकेला गेलो. समीरच्या ऑफिसात तिकडचा एकजण होता, त्यानं गाव सुचवलं. त्या किनाऱ्याला वाइल्ड कोस्ट म्हणतात. निखिल सहा महिने आधीपासून तयारीत. काय काय करायचं याची त्यानं यादीच केली होती: नदीत कनू, कड्यावरून पाण्यात उडी, वाळूच्या टेकडीवरून फळीवर घसरणं, घोड्यावरून किनारा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला चार पानांचा कागद सही करायला दिला. मरण आलं तर आमची जबाबदारी नाही, असं काहीतरी त्यात होतं म्हणे. मी सगळ्यांआधी सही केली. वाचायला जितका वेळ लागायला हवा तितका वेळ कागदाकडे बघायचं, हे मला जमत नसे, मग मी घाई असल्यासारखं करायची.

आम्ही मिसिसागाच्या उन्हाळ्यातून थेट तिकडच्या हिवाळ्यात उतरलो होतो. सोनेरी वाळलेल्या गवताच्या टेकड्या, एकामागून एक, आणि प्रत्येकीवर गोल घरं, वर गवताचं छप्पर, भिंती हिरव्या-निळ्या, मोराच्या मानेसारख्या. कोरफडी पुरुषभर उंच, त्यांना लाल तुरे आलेले. गावातल्या काही बायांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या मातीचा लेप, उन्हासाठी. दुपारी गाई कळपानं किनाऱ्यावर येऊन वाळूत बसायच्या, लाटांकडे तोंड करून रवंथ करत, सुट्टीवर आल्यासारख्या. केतकी प्रत्येक गाईचा फोटो काढत होती. समुद्रात दूर देवमासे फवारे उडवत जायचे. मोठे पांढरे पक्षी पंख मिटून उंचावरून पाण्यात सुळकन पडायचे, खाली मासळीचा थवा आहे याची खूण. बाकीचे टाळ्या वाजवायचे. माझ्या मनात यायचं, आज कुणाची तरी जाळी भरणार.

आम्ही राहिलो त्या घरांचा स्वयंपाक मादलोमो करायची. साठीच्या पुढची, डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला चादर गुंडाळलेली. तिला मामा म्हणायचं असतं, म्हणजे आई. समीरला पहिल्या दिवशी तिला “मामा” हाक मारताना हसू आवरेना, कारण त्याला कराडचे पोट सुटलेले मामा आठवत होते. तिला ते कळलं, तेव्हा तीही कमरेवर हात ठेवून हसली. मला ती माकोटी म्हणायची. नवी नवरी. सहा वर्षं झाली होती लग्नाला, तरी.

पण दुसऱ्याच दिवशी मी घोळ घातला. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच इयत्तेतलं, त्यामुळे आमचं बरं जमत होतं. मका आणि घेवडा चुलीवर तास न् तास शिजत होता, मी शेजारी बसले होते. ती सांगत होती, तिसरीत शाळा सोडली, भावंडं सांभाळायला. आणि मी, आपण बायका करतो तशी, जीभ दाताला लावून म्हणाले, “च्‌च्‌.”

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पळी ठेवली आणि बाहेर निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पण माकोटी नाही की काही नाही. मला झोप लागेना. काय केलं मी? समीर म्हणाला, “तू उगाच मनाला लावून घेतेस.” मनाला लावून घेणं हा तर माझा उद्योगच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली आणि लोखंडी सळी घेऊन खडकांवर निघाली. मी न विचारता मागे गेले. पाणी खूप आत गेलं होतं. दोन दिवसांपूर्वी अमावास्या झाली होती. आदल्या संध्याकाळी मी कोर बघितली होती, आपल्याकडच्यापेक्षा उलट्या बाजूला कललेली. म्हणजे उधाणाचे दिवस. इथल्या वेळा वेगळ्या, पण पाण्याची रीत तीच. खडकाच्या पार खालच्या कडेला, जिथे एरवी कधी ऊन लागत नाही, तिथलं तपकिरी शेवाळ उघडं पडून चमकत होतं. आणि शिनाणे, खडकाला चिकटून वाढणारे शिंपले. काळे, जाडजूड, गुच्छच्या गुच्छ. मादलोमोनं सळी घातली, पिळली, गुच्छ निघाला. मी तिच्या टोपलीतली दुसरी सळी उचलली. लग्नानंतर सळी हातात धरली नव्हती, पण मनगट विसरलं नव्हतं. ती काम थांबवून माझ्या हाताकडे बघत राहिली.

“टोरोंटोत शिकलीस हे?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. मग तुकड्या-तुकड्यांत तिला सांगितलं. आई, खडक, नववी. समीर सोडून कुणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग परवा मला का हिणवलंस?” तेव्हा उलगडा झाला. तो आवाज त्यांच्याकडे तुच्छतेचा. माणसाला झिडकारून टाकायचं असेल तर तो काढतात, आणि थोरामोठ्यांसमोर तर काढतच नाहीत. मी म्हटलं, आमच्यात तो कीव आली की निघतो, वाईट वाटलं की. तिनं विचार केला. “कीव?” ती म्हणाली. “कीव पण नको.” आणि मग एकदम हसायलाच लागली. मला शिकवायला बसली, ओल्या खडकावर. त्यांच्या बोलण्यात असे तीन आवाज आहेत, दाताचा, टाळूचा आणि गालाचा. गालाचा म्हणजे आपले गाडीवान बैलांना हाकताना काढतात तो. खोसा या नावाची सुरुवातच त्या आवाजानं होते आणि आपण सगळे जण ते चुकीचं म्हणतो. मी टाळूचा काढायला गेले की तिला ठसका लागायचा.

तेवढ्यात पाठीवर पिशव्या घेऊन आमची मंडळी वरून गेली. त्या दिवशी नदीच्या मुखापलीकडे चालत जाऊन कड्याखालची गुहा बघायची होती. वाटाड्या यायचा होता, पण त्याच्या गावात मयत झालं होतं. निखिल म्हणाला, वाटाड्या कशाला, आपल्याकडे टाइड टेबल आहे. मिसिसागातूनच छापून आणलेला कागद. साइट टोरोंटोची वेळ दाखवते असं धरून त्यानं त्यात सहा तास मिळवले होते. वेळ आधीच तिथलीच होती. सहा तास म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. बरोबर ओहोटीची भरती होते.

मी मुखापर्यंत त्यांना सोडायला गेले. दहा वाजले होते. घोटाभर पाणी. निखिल पाण्यात उभा राहून म्हणाला, “बघा, ही हाय टाइड आहे आणि एवढंसंच पाणी! चार वाजता लो टाइड. परत येताना चपलाही काढाव्या लागणार नाहीत.” केतकी म्हणाली, “माझा नवरा जीनियस आहे.” समीरनं मला हात केला. “येतेस?”

मला माहीत होतं. हे इथेच लिहिते, कारण केतकीला आणि निखिलला हे मी आजवर सांगितलेलं नाही, त्यांना इथे वाचूनच कळेल. मला तेव्हा, सकाळी दहा वाजता, स्वच्छ माहीत होतं की याहून पाणी खाली जाणार नाही, आणि चार वाजता इथे माणसाच्या छातीच्या वर भरती धावत असेल. ओठांपर्यंत आलं होतं. पण मग केतकी म्हणाली असती, “तुला गं कसं कळतं?” कॉमर्सवालीला कसं कळतं? मी मनाशी म्हटलं, कागद आहे त्यांच्याकडे. शिकलेली माणसं आहेत. कदाचित इथला समुद्र वेगळा असेल. आपलं मन काय काय पुरवतं! मी म्हटलं, “नको, तुम्ही जा.” आणि हात हलवला.

दिवसभर मी काय केलं ते आठवत नाही. शिनाणे उकडले, सोलले, कोथिंबीर कुठे मिळते का बघितलं. घरात जायची, बाहेर यायची. एकपासून पाणी चढताना ऐकू येत होतं. समीरला पोहता येतं म्हणजे मिसिसागातल्या कॉन्डोच्या पूलमध्ये, कडेनं. साडेतीनला मादलोमो म्हणाली, “माकोटी, तू काय वाळूतल्या खेकड्यासारखी धावतेयस? तुझी माणसं अजून आली कशी नाहीत?” मी सांगितलं. कागद, चार वाजता, मुखातून.

तिच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं. तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही धावलो. तिचे गुडघे तेव्हाही दुखायचे. टेकडी उतरताना ती दोनदा बसली, उठली.

पलीकडच्या काठावर तिघं उभी होती. मधे सकाळचं घोटाभर पाणी होतं तिथे आता रुंद, तांबूस, आत ओढत नेणारा लोंढा. वरून मात्र ते गुळगुळीत दिसत होतं, हेच वाईट. मादलोमो हात वर करून ओरडू लागली, आपल्या भाषेत, मग इंग्रजीत. आवाज पलीकडे पोचत होता, पण घाईतलं तिचं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. तिघांनी आनंदानं हात हलवले. केतकी ओरडली, “मोलो, मामा!” कालच शिकली होती, नमस्कार म्हणायला. आणि समीर पाण्यात शिरला. गुडघे, मांड्या.

मादलोमोचा आवाज फाटला होता. तिनं मला खांद्याला धरून पुढे ढकललं. “तुझी माणसं आहेत. तुझ्या बोलीत ओरड!”

माझ्या तोंडून जे निघालं ते मिसिसागातलं मराठी नव्हतं. “मागं फिर रे मेल्या! सुकती सकाळीच झाली! भरतीय ही, भरती!”

समीर थांबला. सहा वर्षांत मी त्याला कधी मेल्या म्हटलं नव्हतं. निखिलनं मागून तो कागद उंच धरून दाखवला, “चार वाजलेत! लो टाइड!”

“कागद घाल चुलीत!” मी ओरडले. “नववीत शाळा सोडून खडकावर कालवं काढलीत मी! मला पाणी शिकवू नको! समीर, मागं फिर!”

पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. तो वळायला गेला आणि त्याचा पाय सुटला. एक क्षणभर फक्त पाठीवरची पिशवी दिसली. निखिलनं झेप घेऊन तिचा पट्टा धरला, केतकीनं निखिलला धरलं, आणि तिघं वाळूवर आडवी झाली. दहाच मिनिटांत ती वाळूही पाण्याखाली गेली. तोवर ती वर सरकली होती.

मग मादलोमोनं उरलेल्या आवाजात पलीकडच्या टेकडीवरच्या घरांकडे हाळी दिली. तिकडून एका बाईनं उत्तर दिलं. टेकडीवरून टेकडीवर दोघी बोलत राहिल्या, मधे नदी. त्या घरानं आमच्या माणसांना चहा पाजला, कोरडी चादर दिली, आणि नदीच्या वरच्या अंगाला पाणी उथळ असतं तिथून घोड्यांवर बसवून दिवस मावळायच्या आत आणून सोडलं. निखिलच्या यादीतली घोड्यावरची सफर अशी झाली.

ते येईपर्यंत आम्ही दोघी वाळूत बसलो होतो. तिनं विचारलं, “सकाळी का नाही बोललीस?”

मी सांगितलं का ते.

ती पाण्याकडे बघत होती. “शाळेपायी?” ती म्हणाली. “शाळेपायी नवरा बुडू देणार होतीस?” तिनं कीव केली नाही. ती रागावली होती, आई रागावते तशी, आणि मग तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. तिच्या चादरीला धुराचा वास होता. तिनं साडेतीनला मला हटकलं नसतं तर? तळ्याकाठी बसले की हेच फिरत राहतं. मी उठते, चालते, परत बसते.

घोड्यावरून उतरल्या उतरल्या केतकीनं विचारलं, “कालवं म्हणजे ऑयस्टर्स?”

“हो.”

“आणि बी.कॉम.?”

“नववी. वार्षिकला बसले नाही.”

तिच्या केसांत वाळू, दात थंडीनं वाजतायत. “म्हणजे तीन वर्षं मी तुला ज्या जॉब पोस्टिंग्ज पाठवतेय...” आणि मग रडायलाच लागली, माझ्या गळ्यात पडून. “मूर्ख आहेस तू. महामूर्ख. मला सांगायचं नाही?” निखिल दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. कागद त्यानं खरंच चुलीत घातला.

इथे परत आल्यावर सप्टेंबरात केतकीच मला मोठ्या माणसांच्या शाळेत घेऊन गेली. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, शेवटची पूर्ण केलेली इयत्ता? मी म्हटलं, आठवी. आवाज जरा मोठाच निघाला, बाई दचकली. आता चार वर्षं झाली. सकाळी एका डेकेअरच्या स्वयंपाकघरात काम करते, दुपारी वर्ग. हिवाळ्यात आधी गाडीसमोरचा बर्फ शोव्हल करायचा, मग निबंध. वर्गात अफगाणी आजोबा आहेत, श्रीलंकेच्या दोघी आहेत. इंग्रजीचं शेवटचं क्रेडिट राहिलंय. या जुलैत उन्हाळी वर्गात तेच चाललंय, आणि रोज पेपर समोर आला की मला वाटतं, आता उठून जावं. अजून तरी उठले नाही.

मागच्या आठवड्यात मादलोमोच्या नातीची ई-मेल आली. आजीनं सांगितलं तसं लिहितेय, असं वर होतं. माकोटीची परीक्षा कधी आहे? नवरा पाण्यापासून लांब राहतो का? आणि खाली नातीनं आपलं म्हणून एक ओळ घातली होती, की आजीचे गुडघे आता पार गेलेत. या हिवाळ्यात ती एकदाही खडकांवर उतरलेली नाही.

ती ओळ मी सकाळपासून कितीदा वाचली. ज्या तिघांसाठी ती टेकडी उतरून धावली होती, ती तिच्याशी धड चार शब्दही बोललेली नव्हती. आभार मानले तर ती तोंड फिरवते, हे मला माहीत आहे. म्हणून आभार नाहीत. मादलोमो, ही परीक्षा होऊ दे. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या जुलैत मी येईन, एकटी, अमावास्येच्या सुमारास. तू दारात बसून राहा. मी खाली उतरेन आणि पाणी फिरेपर्यंत तुझ्या घरासाठी शिनाणे काढत राहीन, रोज, उधाण संपेपर्यंत. हे एवढं मी इंग्रजीत लिहून नातीला पाठवतेय, तिच्याकडून वाचून घे. आणि तुला खोटं वाटलं तर ते वाटू दे, मी आले की बघ.